‘एवढा दात काढून द्या’: घणसोलीतल्या एका माथाडी कुटुंबाचं प्रकरण

तक्रार एका ओळीत मावणारी होती. खालचा डावीकडचा दात हालतोय, भाकरी चावताना आडवा येतो, काढून टाका. दुखतं का? नाही. रक्त येतं? नाही. सूज? नाही. कधीपासून? “झाले की वो पाच-सहा महिने. मधी कांद्याचा हंगाम होता, सवड कुठली मिळायला.”

रुग्णाचं वय ४७, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, राहायला घणसोली, काम तुर्भ्याला बाजार समितीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडीचं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना आप्पा म्हणते. माझा दवाखाना कोपरखैरण्यात आहे, त्यामुळे मार्केटची माणसं हे माझे रोजचे रुग्ण. आप्पांचं प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की त्यात दात हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग निघाला. तो पहिल्याच दिवशी काढून दिला असता तर बाकीचं कळायला फार उशीर झाला असता.

सवयीचा हिशेब

आप्पांनी काही लपवलं नाही. विचारल्याबरोबर खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. सतराव्या-अठराव्या वर्षी गावाकडे सुरुवात, मुंबईला आल्यावर वाढ. दिवसाला एक पुडी, म्हणजे दहा-बारा बार (चुना लावून मळलेल्या तंबाखूची चिमूट म्हणजे एक बार). एक बार अर्धा-पाऊण तास राहतो. ठेवायची जागा ठरलेली: खालचा ओठ आणि डावी हिरडी यांच्यामधली खोबण, तिथून थोडा गालाकडे सरकवलेला. “उजवीकडं ठेवला तर चवच लागत नाही.”

आणखी एक प्रश्न मी न चुकता विचारते, कारण रुग्ण तो आपणहून सांगत नाहीत. रात्री झोपताना बार थुंकता की तसाच राहतो? आप्पा हसले. “कधी राहतो.” झोपेत लाळ फार कमी सुटते, गिळणंही कमी होतं. म्हणजे तो बार चार-पाच तास एकाच जागी, न धुतला जाता, कातडीला चिकटून राहतो. दिवसभरातल्या सगळ्या बारांपेक्षा मला या एकाची भीती जास्त वाटते.

बिडी का नाही, असं विचारलं तर उत्तर रोखठोक मिळालं. “एका हातात आकडा, दुसरा गोणीला. बिडी धरू कशानं? आणि गोणपाटाच्या थप्पीजवळ काडी ओढली तर मुकादम काय म्हणंल?” पन्नास किलोच्या आसपासची गोणी पाठीवर घेऊन ट्रक ते गाळा अशा खेपा मारणाऱ्या माणसाला तोंडात राहणारी, हात मोकळे ठेवणारी तंबाखू सोयीची पडते. गाड्या रात्रीतून येतात, उतराई पहाटेपासून. झोप उडवायची असते आणि भूक दाबायची असते. निकोटिन ही दोन्ही कामं चोख करतं, म्हणून नुसतं ‘वाईट सवय’ म्हणून तिच्यावर बोट ठेवणं मला जमत नाही. महाराष्ट्राचं चित्रही असंच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढणारी तंबाखू वापरणारे होते, आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के. तरी आमच्याकडची बहुतेक पोस्टरं अजून सिगारेटचीच असतात.

चुन्याचं काम काय, हे बहुतेकांना माहीत नसतं. तंबाखूत चुना मळला की मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटिन तोंडाच्या आवरणातून झपाट्याने रक्तात उतरतं. चुन्याशिवाय बार ‘लागत नाही’ ते यामुळेच. तोच चुना आतलं नाजूक आवरण रोज थोडं थोडं भाजतो, आणि भाजलेल्या जागेवर तंबाखूतली नायट्रोसामाइन्स बसून राहतात. ही रसायनं कॅन्सरला कारण होतात याबद्दल आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करणारी म्हणून सिद्ध झालेल्या पदार्थांत घातली आहे.

डावी बाजू, उजवी बाजू

तोंड तपासताना तक्रारीच्या दातापासून सुरुवात करायची नाही, ही शिस्त कॉलेजात लावतात आणि पुढे गर्दीत ती सुटते. त्या दिवशी गर्दी नव्हती. आधी जबड्याखाली आणि मानेत गाठी चाचपल्या: नाहीत. तोंड ३९ मिलिमीटर उघडत होतं, म्हणजे ठीक. जीभ, जिभेखालचा भाग, टाळू, उजवा गाल, सगळीकडे तपकिरी डाग सोडले तर चिंता करण्यासारखं काही नाही. मग डावीकडचा खालचा ओठ बाहेर ओढला.

सुळ्यापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या खोबणीत आवरण पांढुरकं-राखाडी झालं होतं, आणि फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांच्या कातडीसारखं सुरकुतलं होतं. गॉजने घासून पुसलं तरी पांढरेपणा गेला नाही. बुरशीचा थर असता तर निघाला असता. बार जितका, जिथे ठेवला जातो, तितकाच आणि तिथेच हा पट्टा. वर्षानुवर्षं तंबाखू ठेवणाऱ्यांत असा पट्टा सर्रास दिसतो. तंबाखू थांबवली की काही आठवड्यांत तो बऱ्याचदा ओसरतो. न ओसरला तर तुकडा काढून तपासावा लागतो.

थांबायला लावलं ते पट्ट्याच्या मागच्या टोकाने. दाढेपाशी, हिरडी आणि गाल मिळतात त्या जागी, साधारण ८ मिलिमीटरचा लालसर भाग होता आणि त्यात पांढरे ठिपके. बोटाला मऊ लागला, बुडाशी कडकपणा नव्हता, व्रण नव्हता. दाबलं तरी आप्पांना काही जाणवलं नाही. नुसत्या पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल-पांढऱ्या मिश्र चट्ट्यात पेशी बिघडलेल्या सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते. अशा जागेला ‘तंबाखू सोडा, महिन्याने बघू’ म्हणून घरी पाठवायचं नसतं.

दातांकडे वळले. डावा सुळा आणि त्यामागच्या दोन्ही उपदाढांची हिरडी चार-पाच मिलिमीटर खाली सरकलेली, मुळं उघडी आणि तपकिरी. पहिल्या उपदाढेच्या मुळाला मऊ कीड, आणि हालणारा दात तोच. एक्स-रेमध्ये तिच्याभोवतीचं हाड अर्ध्याहून अधिक विरघळलेलं दिसलं. चावण्याचे पृष्ठभाग घासून सपाट झाले होते. पुडीतल्या तंबाखूत मातीचे बारीक कण असतात. इतकी वर्षं ते दातांमध्ये दळले गेले की एनॅमल टिकणार कसं?

आता उजवी बाजू. तेच दात, तीच माणसाची हाडं, तोच ब्रश, तीच भाकरी. तिथे हिरडी जेमतेम एक मिलिमीटर सरकलेली, मुळं झाकलेली, दात घट्ट. दोन बाजूंमध्ये फरक एकाच गोष्टीचा: बार डावीकडे राहत होता. एकाच तोंडात अशी आयती तुलना समोर असताना आकडेवारी सांगत बसण्यात अर्थ नव्हता. मी आप्पांच्या हातात आरसा दिला, दिवा खाली घेतला आणि आधी उजवा, मग डावा ओठ ओढून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “मला वाटायचं पान्यानं खराब झाले दात. बोरिंगचं पानी हाय ना आमच्याकडं.”

दुखत कसं नाही, हा त्यांचा पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची नस तिथेच आहे. सुरुवातीचे चट्टे दुखत नाहीत. उघड्या मुळांची शिवशिव व्हायची तेव्हा आप्पा त्या जागी अजून एक बार ठेवायचे, थोडा वेळ बरं वाटायचं, आणि तंबाखू दाताला चांगली ही समजूत आणखी पक्की व्हायची. ज्याने दुखणं लावलं त्याचीच मात्रा चालू होती.

दात का काढला नाही

आप्पा थोडे नाराज झाले. रजा टाकून आलेला माणूस, एक इंजेक्शन, एक ओढ, काम संपलं असतं. पण संशयित चट्ट्याच्या शेजारचा सैल दात आधी काढून मोकळं होणं धोक्याचं आहे. दात सैल आहे म्हणजे हिरडीचा रोग असणार असं धरून काढायचा, मग जखम भरत नाही, महिना-दीड महिना गोळ्या आणि गुळण्या चालतात, आणि शेवटी कळतं की दात सैल झाला होता तो आत वाढणाऱ्या कॅन्सरमुळे. गाल-हिरडीच्या कॅन्सरच्या कितीतरी रुग्णांच्या कागदपत्रांत पहिली नोंद ‘दात काढला’ अशी असते. इथे एक्स-रेमधलं हाड हिरडीच्या रोगासारखंच झिजलेलं होतं, कुरतडल्यासारखं नव्हतं, तरीही क्रम बदलायचा नाही असं ठरवलं. आधी तुकडा तपासायचा, दात नंतर.

बायोप्सीचं नाव काढल्यावर आप्पांच्या पत्नी पहिल्यांदा बोलल्या. तोवर त्या दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “हत्यार लागलं की भडकतं म्हणतात मॅडम.” ही समजूत मी इतक्यांदा ऐकली आहे की तिचा राग येत नाही. ज्यांचा तुकडा काढला जातो त्यांच्यातल्या काहींना आधीच कॅन्सर असतो, निदान उशिरा झालेलं असतं, पुढे ते दगावतात, आणि पाहणाऱ्याला हत्यार दोषी वाटतं. तुकडा काढल्याने आजार पसरत नाही. तो न काढल्याने मात्र अंधारात राहावं लागतं, एवढं सांगितलं. आप्पांनी विचारलं ते वेगळंच: “टाटाला जायला लागंल का?”

परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासूनचं, त्याचंच संशोधन आणि उपचार केंद्र आमच्या जवळ खारघरला आहे. तरी मार्केटमध्ये ‘टाटाला नेलं’ हे वाक्य खालच्या आवाजातच म्हणतात. मी स्पष्ट सांगितलं, की आज तशी गरज दिसत नाही, पण अहवालात तसं निघालं तर तिथेच पाठवीन, आणि लवकर गेलेला माणूस तिथून बरा होऊन परत येतो.

पुढची अडचण अगदीच साधी होती. नेरुळच्या दंत महाविद्यालयाची ओपीडी सोमवार ते शनिवार, मार्केटला सुट्टी रविवारची. म्हणजे प्रत्येक फेरीला एक खाडा, आणि माथाडीचा खाडा म्हणजे त्या दिवसाच्या वाटणीवर पाणी. शेवटी टोळीच्या मुकादमाशी फोनवर बोलले. त्यांनी आप्पांची पाळी दुसऱ्याला दिली आणि वर म्हणाले, “मॅडम, आमच्यातल्या निम्म्यांची तोंडं बघायला पायजे.” खरंच आहे ते.

अहवाल आठवड्याने आला: मध्यम स्वरूपाचा डिस्प्लेसिया. आवरणाच्या खालच्या आणि मधल्या थरातल्या पेशींचा आकार, मांडणी, वाढ बिघडलेली. पण खालचा पडदा शाबूत, पेशी आत उतरलेल्या नाहीत. म्हणजे कॅन्सर नाही. असे सगळेच चट्टे कॅन्सरकडे जात नाहीत, पण कुठला जाईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे तो लालसर भाग आणि भोवतीची थोडी निरोगी कड शस्त्रक्रियेने काढली. काढलेल्या भागातही त्याहून वाईट काही सापडलं नाही. हालणारी उपदाढ त्याच वेळी काढली, आणि आप्पांची मूळ मागणी अशी तीन आठवड्यांनी पुरी झाली.

भारतात दरवर्षी तोंडाच्या कॅन्सरचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडतात, त्यातले बरेच पुढच्या अवस्थेत. खरं म्हणजे तोंड हा बघायला सगळ्यात सोपा अवयव. त्याला दिवा आणि आरसा पुरतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी फक्त डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा बघावं असं धरलेलं आहे. आप्पांचं तोंड ४७ व्या वर्षी पहिल्यांदा बघितलं गेलं, तेही दात हालला म्हणून.

बाराच्या वेळा

शस्त्रक्रिया झाली, पण बार चालू राहिला तर शेजारचं आवरण त्याच वाटेने जाणार. आप्पांना घाबरवायची गरज उरली नव्हती, ते पुरेसे घाबरले होते. भीती पहिले तीन-चार दिवस कामाला येते, त्यानंतर तलफ जिंकते. म्हणून आम्ही बसून वेळा लिहिल्या. पहाटे उठल्याबरोबर, संडासला जायच्या आधी. मार्केटला पोचल्यावर. पहिली गाडी खाली झाल्यावर. चहानंतर. जेवणानंतर. लोकलची वाट बघताना. रात्री अंथरुणात.

सगळ्यात अवघड कुठला? मला वाटलं पहिली गाडी खाली झाल्यावरचा. आप्पा म्हणाले पहाटेचा. “त्याशिवाय पोट साफ होत नाय.” यात तथ्य आहे. निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते आणि सोडल्यावर पहिले काही दिवस बद्धकोष्ठ होतं. पुष्कळ माणसं तंबाखूकडे परत जातात ती या कारणाने, आणि लाजेने डॉक्टरला सांगत नाहीत. त्यावर कोमट पाणी, रात्री इसबगोल आणि दोन-तीन आठवडे धीर धरायचा, एवढाच इलाज. तो आधीच सांगून ठेवला म्हणून तिसऱ्या दिवशी आप्पा घाबरले नाहीत.

निकोटिनची पट्टी द्यावी असा माझा पहिला विचार होता. दंडावर चिकटवली, तुर्भ्याच्या दमट उन्हात दोन गाड्या खाली केल्या, आणि पट्टी घामाने निघून गोणीला चिकटली. मग च्युइंगम. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली तंबाखू घेणाऱ्याला साधारणपणे ४ मिलिग्रॅमची लागते, तीच दिली. पहिल्या दिवशी त्यांनी ती साध्या गमसारखी चावून चावून गिळली आणि दिवसभर उचक्या दिल्या. पद्धत वेगळी असते. हळू चावायची, तिखटसर चव आली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. आप्पांना हे पटकन जमलं, कारण ठेवायची कला त्यांना आयुष्यभराची ठाऊक. फक्त उजवीकडे ठेवायची, असं बजावलं. आणि चहा घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबून मग गम. तोंड आंबट असताना निकोटिन नीट शोषलं जात नाही. मार्केटमध्ये चहा तासातासाला येतो, त्यामुळे हा नियम पाळताना त्यांचे चहाच कमी झाले.

खरी अडचण औषधाची नव्हतीच. टोळीत तंबाखू मळायचं काम आप्पांचं होतं. त्यांचा हात चांगला, चुन्याचं प्रमाण बरोबर. गाडी खाली झाली की चार-पाच जण त्यांच्यासमोर तळवा धरायचे. मळून देणाऱ्याने एकदम ‘मी सोडली’ म्हटलं की बाकीच्यांना ते उपदेशासारखं लागतं, आणि देणाऱ्यालाही आपला मान गेल्यासारखं वाटतं. आप्पांनी यावर स्वतःच तोड काढली. शस्त्रक्रियेचे टाके दाखवायला सुरुवात केली. ओठ ओढून दाखवायचे आणि म्हणायचे, “डॉक्टरनं मळायलाबी बंदी केलीय.” मी अशी काही बंदी घातली नव्हती, पण घालायला हवी होती. मळताना हाताला येणारा वास तलफ जागी करतो.

सुपारीचा मुद्दा मात्र मी आधीच बंद केला. तंबाखू सोडताना तोंडात काहीतरी हवं म्हणून माणसं सुपारी धरतात आणि आगीतून फुफाट्यात जातात. सुपारीला त्याच कर्करोग संस्थेने २००४ मध्येच पहिल्या गटात टाकलं आहे, तंबाखू नसली तरी. बडीशेप, लवंग, भाजलेले चणे चालतील.

पाचव्या आठवड्यात आप्पा गावच्या जत्रेला गेले आणि तिथे पुन्हा सुरू झाले. चार दिवस. परत आले ते मान खाली घालून, फाईल न आणता. माझ्या लेखी हे अपयश नव्हतं. बहुतेकांची पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. फक्त एक गोष्ट विचारली: पहिला बार कोणी दिला? मेव्हण्याने. आता गावी जायच्या आधी मेव्हण्याला फोन जातो. मोफत मदतीचा राष्ट्रीय क्रमांक, १८००-११-२३५६, तोही लिहून दिला. आप्पांनी त्यांच्या जुन्या पुडीवर तोच छापलेला दाखवला. २०१८ पासून तो पाकिटांवर असतो. इतकी वर्षं खिशातच होता.

काकींचं बोट

आप्पांच्या पत्नी प्रत्येक भेटीला सोबत यायच्या. एकदा सहज विचारलं, काकी, तुम्ही तंबाखू खाता का? “छे छे, बायामाणसं कुठं खातात.” त्यांनी पदर सावरला, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट टोकाला काळपट-तपकिरी दिसलं. मशेरी लावता? “ती लावते की. पण ती दातासाठी.”

जाड तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डब्यात भरून ठेवायची. पहिल्या बाळंतपणानंतर दाढ दुखायला लागली तेव्हा सासूबाईंनी लावायला दिली. आधी सकाळी एकदा. आता सकाळी, स्वयंपाकाआधी, दुपारी सगळी कामाला गेल्यावर, आणि रात्री भांडी घासून झाली की. दुपारची चुकली तर डोकं जड होतं आणि चिडचिड होते. हे दात घासणं नाही, हे निकोटिनचं व्यसन आहे, आणि ते त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. वर्षाकाठी कितीतरी बायका माझ्यासमोरही ‘तंबाखू नाही’ अशी नोंद करून गेल्या असणार, कारण फॉर्मवर प्रश्नच तेवढा असतो.

तोंडात वेगळंच चित्र. चट्टा नव्हता. पण पुढच्या दातांच्या माना, हिरडीलगत, बोटाने रोज घासून खाचा पडल्यासारख्या झिजलेल्या, दातांच्या फटीत काळ्या रेघा, आणि पुढची हिरडी मागे सरकलेली. थंड पाणी सोसवत नव्हतं, म्हणून मशेरी. मशेरीने खाच खोल, म्हणून आणखी थंड सोसवत नाही. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार? भाजताना पानं जळतात आणि जळण्यातून येणारी घातक रसायनं त्यात वाढतात, ती वेगळीच.

काकींना स्वतःच्या दातांची फारशी फिकीर वाटली नाही. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि ती पण लावते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा बोलणं वळलं. मुंबईतल्या गरोदर बायकांवरच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या आईच्या बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. हे ऐकल्यावर घरातला डबा रिकामा झाला. मुलीची सुटली. काकींची पूर्ण सुटलेली नाही. दुपारची एकदाची चालू आहे, शेजारणीकडे. दातांच्या खाचा भरून दिल्या आहेत, शिवशिव कमी झाली आहे, आणि आता निदान ‘दाढ दुखते म्हणून’ हे कारण त्या देत नाहीत.

टोळीतला पोरगा

आप्पांनी नंतर स्वतः एकाला आणलं, वय २२, नुकताच टोळीत लागलेला. तक्रार अशी की मिसळ खाल्ली की तोंड पेटतं. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, म्हणून हा एका पुडीतला पानमसाला आणि दुसऱ्या पुडीतली तंबाखू एकत्र करून खातो. तोंड उघडायला सांगितलं तर स्वतःची तीन बोटं उभी आत जाईनात. मोजलं: २६ मिलिमीटर. गाल आतून फिकट, बोटाला घट्ट दोऱ्यांसारखे पट्टे. सबम्यूकस फायब्रोसिस, जो मुख्यतः सुपारीचा आजार. सुपारीतल्या द्रव्यांनी कातडीखालचे तंतू साचत जातात, मोडत नाहीत. आप्पांचा पट्टा तंबाखू थांबवल्यावर मऊ पडला. या मुलाचे पट्टे तसे मागे जाणार नाहीत. इंजेक्शनं आणि तोंड उघडण्याचे व्यायाम यांनी काही मिलिमीटर मिळतील, आणि सुपारी थांबली तर पुढे वाढणार नाही अशी आशा. भारतातल्याच अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं गेलं तेव्हा ७.६ टक्क्यांना पुढे कॅन्सर झाला होता. तो मुलगा दोनदा आला आणि मग आला नाही. आप्पा म्हणतात, नाशिककडे गाडीवर गेलाय.

सध्याची स्थिती

जत्रेनंतर आप्पांनी पुन्हा सोडली. पुढचा सुरकुतलेला पट्टा आता जवळपास दिसत नाही, आवरण मऊ आणि गुलाबी झालं आहे. शस्त्रक्रियेची जागा भरली. हिरडी जिथे गेली तिथेच आहे, ती आपोआप वर येत नाही. उघड्या मुळांवर सिमेंट भरलं आहे आणि फ्लोराइडची पेस्ट दिली आहे. काढलेल्या उपदाढेच्या जागी दात बसवायचा विषय आप्पांनी ‘बघू दिवाळीनंतर’ वर टाकला. घरी नवीन तक्रार सुरू झाली आहे: भाजीत मीठ जास्त पडतंय. मीठ तेवढंच आहे, जिभेला चव परत आली आहे, असं काकींना समजावून सांगावं लागलं.

पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी, मग सहा महिन्यांनी, आणि मध्ये महिन्यातून एकदा घरच्या आरशात दिव्यापुढे दोन्ही बाजू स्वतः बघायच्या. पंधरा दिवसांत न भरणारा कुठलाही व्रण, लाल किंवा पांढरा डाग दिसला तर तारखेची वाट न बघता यायचं. पुढची तारीख शनिवारची दिली आहे, कारण त्या दिवशी मार्केट लवकर सुटतं. मुकादमांनीही विचारलंय की टोळीतल्या बाकीच्यांना त्याच दुपारी आणलं तर चालेल का. चालेल म्हटलं आहे, फक्त सगळ्यांनी पुड्या बाहेर ठेवून या.